लालबागेतलं उबेदा

परवा सकाळी कमलचा फोन आला. कमल ही लालबागच्या चाळीतली माझी शेजारीण. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीवर थाप मारून आम्ही चाळीस वर्षं एकमेकींना हाका मारत आलो. मी सध्या मुलीकडे माद्रिदला आले आहे, आणि माद्रिद लांब म्हणून ती फोनवर ओरडून बोलते. "मांडवाचे बांबू इले गो! आयक!" असं म्हणून तिने फोन गॅलरीच्या कठड्याबाहेर धरला. ट्रकमधून बांबू रस्त्यावर टाकत होते. तो पोकळ खडखडाट, मध्येच एक हॉर्न, कुणीतरी "बाजू हो रे" म्हणालं, पुन्हा खडखडाट. मी मुलीच्या स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन उभी होते. खिडकीबाहेर कोरडं पांढरं ऊन. कमलने विचारलं, "आयकलंस?" मी म्हटलं, "ऐकलं." पुढे बोलता येईना, म्हणून आवाज नीट येत नाही असं सांगून फोन ठेवून दिला.

त्या संध्याकाळी मी वीणाला, माझ्या मुलीला, म्हटलं, "मला उबेदाला जायचंय."

लॅपटॉपवरून मान वर करून ती बघत राहिली. "कुठे?"

"उबेदा. दक्षिणेला आहे. तुझ्या फोनवर बघ."

"आई, समुद्रावर नेते म्हटलं तर नको म्हणालीस. म्युझियममध्ये तुझे पाय दुखले. आणि हे नाव तुला कुठून कळलं? माझ्या ऑफिसातले लोकही कधी गेले नाहीत तिथे."

"पुस्तकात होतं. फार पूर्वी वाचलं होतं."

तिने अजून काही विचारलं असतं तर मी कदाचित सांगितलं असतं. पण तिचा फोन वाजला.

माझं माहेर गिरगावातलं. मॅट्रिक होऊन मी तिथल्याच एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या कामाला लागले, आणि दोन वर्षांनी लग्न होऊन लालबागला आले. माझे यजमान दत्ताराम. ते होते तेव्हा मी त्यांचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही, आता लिहिताना घेते. मूळचे मालवणकडचे, गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर, विणकर होते. शेकडो मागांच्या गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलेली माणसं कानांनी कमी ऐकतात आणि समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. दत्ताराम तसे होते. मी स्टोव्हकडे तोंड करून बोलले की त्यांना कळायचं नाही. काही महत्त्वाचं सांगायचं असेल तर हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर जाऊन उभं राहावं लागायचं. लग्नानंतरची दोन-तीन वर्षं अशीच गेली. त्यांची पाळी, माझं वाचनालय, आणि समोरासमोर उभं राहायला मिळेल तेवढाच संसार.

मग संप झाला आणि ते दिवसभर घरात दिसायला लागले.

त्या वर्षीच्या श्रावणातल्या दुपारी मला अजून आठवतात त्या त्यांच्या शांततेमुळे. आमच्या भागात दुपारी अशी शांतता कधी नसायची. गिरण्यांचे भोंगे बंद, खानावळी बंद. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं कोकणात गेलेली, त्यांच्या दारांना कुलपं. उरलेले पुरुष गॅलरीत ओळीने बसलेले, गुडघ्यांवर हात ठेवून. हातांना काय करायचं ते कळत नसलेली माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. दत्ताराम तर सुतळीचा तुकडा घेऊन त्याला गाठी मारत आणि सोडत बसायचे. मी कामावरून आले की ते वर बघायचे, पुन्हा गाठी. मला पाचवा महिना होता. आमच्या दोघांत बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

त्यांना विरंगुळा म्हणून मी वाचनालयातून पुस्तकं आणायला लागले. मराठी पुस्तकं ते चार पानं वाचून उपडी ठेवायचे. एक दिवस मी एक भलंमोठं इंग्रजी पुस्तक आणलं, युरोपातल्या इमारतींचं. कुणा डॉक्टरांच्या घरून वाचनालयाला भेट आलेलं आणि कुणी न उघडलेलं. ते घरी न्यायची परवानगी नव्हती. मी ते टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं, वर कोथिंबीर ठेवली.

दत्तारामांनी ते पुस्तक मांडीवर घेतलं आणि जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. एका पानावर ते थांबले होते. स्पेनमधल्या उबेदा नावाच्या गावातल्या एका वाड्याचा चौक. खाली कमानींची रांग, वर तशीच दुसरी, आणि त्या सगळ्या दगडाचा भार इतक्या बारीक खांबांवर की बघणाऱ्यालाच काळजी वाटावी.

"ह्यां खंयचां?" त्यांनी विचारलं.

मी खालचा मजकूर वाचून सांगितला. गावाचं नाव सांगितलं, चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचं बांधकाम आहे म्हटलं. रेनेसान्स हा शब्द मलाही माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या शब्दकोशात पाहून आले आणि त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "पुनरुज्जीवन."

"म्हणजे मेलेलां जितां झालां," ते म्हणाले, आणि कित्येक आठवड्यांनी हसले. मग बोट पानाच्या खालच्या कडेवर ठेवून म्हणाले, "दोनच बाजू दिसतत. फोटो काढणारो खंय उभो हा? त्याच्या पाठीमागे काय असतलां?"

"काय माहीत."

"काय तरी असतलांच."

त्याच आठवड्यात मंडळाची बैठक झाली. आमच्या गल्लीचा गणपती मोठा नव्हे, पण देखावा दरवर्षी असायचा. या वर्षी देखावा नको, साधी पूजा करू, असं सगळ्यांनीच ठरवत आणलं होतं. दत्ताराम कधी बैठकीत बोलत नसत. त्या दिवशी उभे राहिले आणि म्हणाले, "साठ माणसां रिकामी बसली हत. हात असत ना?" मग ते पुस्तक उघडून त्यांनी सगळ्यांसमोर धरलं. मी मागे बायकांत उभी होते. वाचनालयाचा शिक्का त्या पानावर स्पष्ट दिसत होता. मला घाम फुटला.

पण मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. रे रोडच्या लाकडाच्या वखारींतून टाकाऊ पट्ट्या आल्या. गोण्या आल्या. कापडाचे तागे ज्यांवर गुंडाळतात त्या पुठ्ठ्याच्या लांब नळ्या कुणीतरी बाजारातून हातगाडीवर घालून आणल्या. दत्ताराम म्हणाले, हेच खांब. बांबूच्या कामट्या ओल्या करून, वाकवून, त्यांच्या कमानी केल्या. वर गोणपाट, गोणपाटावर खळ लावून कागद, कागदावर चुना. घराघरांतून रद्दी मागून आणली. वर्तमानपत्रं, पोरांच्या वह्या, संपाची पत्रकं, सगळं त्यात गेलं. दुपारच्या वेळी सगळी गल्ली खळीच्या आंबूस वासाने भरून जायची. गॅलरीत बसलेले पुरुष एकेक करून खाली उतरले. मागांवर काम केलेली ती बोटं. दोऱ्याच्या जाडीचा फरक त्यांना डोळे मिटून कळायचा. कमानीची गोलाई एक बोट चुकली तरी कुणीतरी म्हणायचं, "सोड, परत बांध."

दत्तारामांनी मापं कुठून काढली, मला आधी कळेना. पुस्तकातल्या फोटोवर त्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा धरला, त्याला गाठी मारल्या आणि त्या गाठींवरून सगळा वाडा वाढवला.

नारू हा त्यांचा जवळचा मित्र. दोघांचे माग शेजारी-शेजारी. वाड्याचं काम निम्म्यावर आलं असताना नारूची बायको मला नळावर हळूच म्हणाली, "हे कालपासून आत जातत. कोणाक सांगू नको." गिरणीच्या मालकांनी थोडी माणसं आत घ्यायला सुरुवात केली होती आणि नारू त्यांच्यात गेला होता. अशा गोष्टी चाळीत लपतात थोड्याच. दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला नारू मांडवात आला, रोजच्यासारखा बाह्या सरसावत. सगळ्यांचे हात थांबले. एकाने खळीची बादली उचलून दुसरीकडे नेली. नारू तसाच मध्ये उभा. मी गॅलरीतून बघत होते. दत्ताराम शिडीवरून उतरले, आपल्या हातातला ब्रश नारूच्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्यो खांब तुझो. वरसून खाली मार, वघळ येवक् नको." आणि परत शिडीवर चढले.

त्या रात्री जेवताना मी त्यांच्यासमोर ताट ठेवून समोरच बसले. म्हटलं, "नारूभावजी गेले आत. त्यांना तुम्ही ब्रश दिलात. मग तुम्हीही जा की."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "तेका जावचां होतां, तो गेलो. माका जावचां नाय."

"आणि हे?" मी पोटावर हात ठेवला.

त्यांनी ताटाकडे बघितलं. तेवढं एक बोलणं त्यांना ओठांवरून ओळखायचं नव्हतं.

गणपती बसले. वाडा उभा राहिला. गल्लीच्या तोंडापासून आत शिरलं की दिवसाउजेडीसुद्धा क्षणभर आपण कुठे आहोत ते समजत नसे. मधल्या भागात, जिथे फोटोत कारंजं होतं, तिथे मूर्ती. दोन बाजूंना त्या कमानी, तिसऱ्या बाजूलाही तशाच. आणि चौथी बाजू, लोक जिथून आत यायचे आणि दर्शन घेऊन वळले की जी समोर दिसायची, ती दत्तारामांनी मनाने बांधली होती. खाली तशाच कमानी होत्या. वरच्या मजल्यावर मात्र आमच्या चाळीचा लाकडी कठडा, त्यावर पालथं घातलेलं पितळी पातेलं, एका खुर्चीवर घडी केलेला पेपर, आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. खरे कपडे. माझी निळी सुती साडीही त्यात होती. मला न विचारता नेलेली. लोक वळायचे, बघायचे आणि हसायचे. मग थोडा वेळ तिथेच रेंगाळायचे. बीडीडी चाळीतून आलेले एक म्हातारे विणकर बराच वेळ वर बघत होते. म्हणाले, "बरां केलंस. राजाच्या वाड्यात आमकाय एक खोली."

सातव्या दिवशी मी वाचनालयातून दुपारीच निघाले, बरं वाटत नव्हतं. मांडवातूनच चाळीकडे जायची वाट होती. दत्ताराम एका खांबाच्या तळाशी बसून चुन्याचा हात देत होते, लोकांचे पाय लागून तिथला पापुद्रा निघाला होता. त्या निघालेल्या पापुद्र्याखाली मला टाईप केलेली अक्षरं दिसली. वाकून पाहिलं. गिरणीचं पत्र होतं. आठ दिवसांत कामावर हजर व्हावे. वर त्यांचं नाव, खात्याचं नाव, नंबर. पत्र आलं होतं, माझ्यापासून लपवलं होतं, आणि रद्दीत घालून खांबाला चिकटवलं होतं.

मी काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. आवाज नेहमीचा नव्हता, रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "खोटं आहे हे सगळं," मी म्हटलं. "पुठ्ठ्याचा वाडा आणि पुठ्ठ्याचे खांब. ह्याला टेकून मूल वाढत नाही. खरं काहीतरी करा एकदा." मांडवात लाऊडस्पीकरवर आरती लागली होती. त्यांना काही ऐकू जाण्याची शक्यताच नव्हती. पण मी त्यांच्यासमोर उभी होते आणि ते माझ्या ओठांकडे बघत होते.

त्यांनी ब्रश चुन्यात बुडवला आणि ती अक्षरं झाकून टाकली. पहिल्या हातातून टाईप अजून दिसत होता, म्हणून दुसरा हात दिला. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

विसर्जन झालं. एरवी देखावा उतरवताना पोरंटोरं धुडगूस घालतात. त्या वर्षी दत्तारामांनी कुणाला हात लावू दिला नाही. बांबू सोडवून ठेवले, नळ्या एकीकडे, गोण्या झटकून घड्या घातल्या. माझी साडी धुऊन, वाळवून, कपाटात जागेवर ठेवली. पुस्तक टॉवेलात गुंडाळून माझ्या पिशवीजवळ ठेवलं. मी ते वाचनालयात परत नेऊन ठेवलं. त्या पानावर चुन्याचा अंगठा उमटला होता. मी पुसायला गेले आणि तो अजून पसरला.

चार दिवसांनी सकाळी ते म्हणाले, "भिवंडीक जातंय." तिथल्या यंत्रमागांवर गिरणगावातली पुष्कळ माणसं तेव्हा गेली. मी खरं काहीतरी करा म्हटलं होतं. ते करायला ते गेले.

मग वीणा झाली. दत्ताराम रविवारी यायचे. आधी दर रविवारी, मग एक सोडून एक. पाहुण्यासारखे चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवायचे. वीणासाठी बिस्किटं आणायचे, ती ताटाजवळ ठेवून तिच्याकडे बघत बसायचे. गिरणी काही पुन्हा नीट सुरू झाली नाही. नारू आत गेला होता खरा, पण त्याचंही काम गेलंच, आणि तो गावी निघून गेला. दरवर्षी भाद्रपद जवळ आला की मंडळाची माणसं रविवार बघून यायची. "दत्तूशेट, यंदा काय करूया?" ते हसून मान हलवायचे. त्यांनी पुन्हा कधी कामटी वाकवली नाही. घरात खुंटी ठोकायची असली तरी शेजारच्याला बोलवायचे. मला वाटायचं, एक दिवस समोर जाऊन उभं राहावं आणि बोलावं. पण रविवार लहान असतो. स्वयंपाक असतो, वीणाचा अभ्यास असतो. आणि एकदा न बोलण्याची सवय लागली की घर तिच्यावरसुद्धा चालतं, बरं चालतं.

वीणा बारावीत असताना ते गेले. छातीचा आजार होता, कापसाच्या धुळीत आयुष्य काढलेल्यांचा असतो तसा. भिवंडीची त्यांची जागा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मागांच्या वरचा पोटमाळा, पाळीपाळीने झोपणारी पाच माणसं, एका कोपऱ्यात त्यांची ट्रंक. खालचे माग चालूच होते, जमीन थरथरत होती. मी ट्रंकेतली एकेक वस्तू काढून पाहिली. एखादा कागद, पेन्सिलीने काढलेली एखादी कमान. शर्टांच्या खिशांतसुद्धा हात घालून पाहिला. काही नव्हतं.

उबेदाला आम्ही गेलो ते गाडीने. शेवटचा तासभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं, डोंगर चढून पलीकडे उतरणाऱ्या सरळ ओळींत. मागावर ताणा भरलेला असावा तशा ओळी. फळं अजून हिरवी आहेत, तोडणी थंडीत, असं वीणाने सांगितलं. गाव उंचावर, मधाच्या रंगाच्या दगडाचं. दुपारची वेळ, दुकानं बंद, खिडक्यांवर पडदे ओढलेले. मोठ्या चौकात एक प्रचंड देऊळ, त्याच्या दर्शनी भिंतीवर दगडी माणसांची दाटी, आणि खाली जिवंत माणूस एकही नाही. आमच्याच पावलांचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. या शांततेची मला ओळख होती.

माहिती केंद्रातल्या बाईंनी वीणाला जे सांगितलं ते तिने मला मराठीत सांगितलं. एकेकाळी इथे पैसा होता. धान्य, तेल, लोकर, कापडसुद्धा विणलं जायचं. तेव्हा हे वाडे आणि देवळं झाली. मग सगळं हळूहळू ओसरलं, गाव मागे पडलं. पाडून नवीन बांधण्याची ऐपत कुणाची राहिली नाही, म्हणून हे सगळं उभं राहिलं.

मला हसू आलं. वीणाने विचारलं, का हसतेस. म्हटलं, आमच्याकडचं कापड गेलं आणि जागेला सोन्याचा भाव आला, म्हणून आमचं काही उरलं नाही. माझ्या गॅलरीतून पूर्वी गिरण्यांच्या तीन चिमण्या दिसायच्या. आता एक दिसते, तीही दोन टॉवरच्या फटीतून, चाळीतली बाई दारातून डोकावावी तशी.

तो वाडा आता सरकारी कचेरी आहे. दारात एक पहारेकरी खुर्ची टाकून पेपर वाचत होता, त्याने हातानेच आत जा म्हणून खुणावलं. वीणाला कामाचा फोन आला, ती बाहेरच थांबली. मी एकटी आत गेले.

पहिलं मनात आलं ते हे, की लहान आहे. आमचा मोठा होता. फोटो काढणाऱ्याने बसून, खालून वर काढला असणार. दत्ताराम त्या फोटोला फसले होते आणि त्यांनी कमानी फूटभर उंच केल्या होत्या. पण बाकी सगळं, देवाशपथ, बाकी सगळं तेच होतं. कोपऱ्यातल्या दोन कमानी एकमेकींना जिथे भेटतात तो सांधा, वरच्या मजल्यावरचे अधिक बारीक खांब, त्यांच्यातलं अंतर. मी एका खांबाभोवती हात घातला. गार दगड, आत भरीव. त्यांचे खांब टिचकी मारली की वाजायचे.

मग मी मागे वळले. पन्नाशीच्या आत गेलेल्या एका माणसाने विचारलेला प्रश्न होता तो, फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे काय आहे. तिथे भिंत होती. साधी, उंच, एक बंद दार असलेली भिंत. तीन बाजूंनाच कमानी, चौथ्या बाजूला काही नाही. बांधणाऱ्याचं काही अडलं असेल, किंवा तिकडे शेजाऱ्याची हद्द असेल. त्या भिंतीला लागून एक दगडी बाक होता. मी त्यावर बसले.

वीणा आली तेव्हा मी तशीच बसले होते. ती घाबरली. "आई, बरं वाटत नाहीये का?"

मी तिला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. गिरगावचं पुस्तक, गोणपाट, नारू, चौथी बाजू. शेवटी ती म्हणाली, "बाबांनी? आपल्या बाबांनी?"

"हो."

"मी त्यांना कधी साधी पेन्सिल धरतानाही पाहिलं नाही." ती कमानींकडे बघत होती. "मला ते आठवतात ते दाराशी चपला घालताना. मला वाटायचं, त्यांना काही आवडतच नाही. आपल्यातलंही कुणी." मग म्हणाली, "का सोडलं त्यांनी हे?"

खोटं सांगता आलं असतं. भिवंडीत वेळ मिळत नव्हता, असं म्हणता आलं असतं. मी तिला त्या सातव्या दिवसाचं सांगितलं, जसं बोलले होते तसंच. तिने माझा हात धरलेला होता तो सोडला नाही, पण दाबलाही नाही.

"तुला खरंच खोटं वाटलं होतं ते?"

"पाचव्या दिवशी मी वाचनालयातून परस्पर जाऊन रांगेत उभी राहिले होते," मी म्हटलं. "परक्या बाईसारखी, डोक्यावरून पदर घेऊन. दोन तास. आत गेल्यावर वळून पाहिलं तर वर माझी साडी वाळत होती. मागची बाई म्हणाली, चला पुढे. मी बाहेर आले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले."

"हे त्यांना सांगितलंस?"

मी नकारार्थी मान हलवली. वीणा उठली. गाडी लांब लावली आहे, घेऊन येते, तू इथेच थांब, म्हणाली. तिला तिचे डोळे मला दाखवायचे नव्हते. तिच्या बुटांचा आवाज दगडी बोळातून लांब जात राहिला.

चौकात ऊन तिरपं झालं होतं. खालच्या कमानी सावलीत गेल्या, वरच्या पेटल्यासारख्या दिसायला लागल्या. कुठलीशी छोटी पाखरं आकाशाच्या त्या चौकोनातून चिरचिरत जात होती आणि परत येत होती. मी पदर सावरून उभी राहिले, मधल्या कारंज्यापाशी गेले आणि वर बघून मोठ्याने म्हटलं, "चांगलं झालंय हो. फार चांगलं झालंय."

आवाज चारी बाजूंना फिरला. दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याने पेपर खाली केला. भाषा त्याला कळली नाही, पण बाई वाड्याची तारीफ करते आहे एवढं त्याला कळलं असावं. तो खुर्चीतून अर्धा उठला, छातीवर हात ठेवला आणि किंचित वाकून म्हणाला, "ग्रासियास, सेन्योरा." मी अजून काही बोलेन म्हणून तो थोडा वेळ तसाच, माझ्याकडे बघत उभा राहिला.